मोटारखान्याची जमीन

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा आम्ही धान्यबाजाराविषयी काही लिहावे अशी त्यांची अपेक्षा होती. परंतु बाजारभाव हे स्मरणिका छापून हाती येईपर्यंत शिळे होतात. त्यापेक्षा जो प्रश्न आज पुष्कळ सभासदांच्या घरी निघतो आणि ज्यात आम्ही स्वतः दोनदा चुकलो, त्याविषयी चार शब्द लिहिणे अधिक उपयुक्त होईल असे वाटले. हा प्रश्न म्हणजे घरच्या मोटारखान्याची जमीन व तीवर घालावयाच्या इंटरलॉकिंग लाद्या.

बेळगावातील आमच्या जुन्या घराच्या दर्शनी भागी पूर्वी पोती ठेवण्याची खोली होती. माल बाजारातील गाळ्यात जाऊ लागल्यावर ती खोली मोकळी झाली व तेथे मोटार उभी राहू लागली. खोली 10 फूट रुंद व 18 फूट लांब. रस्त्यावरून घरात येण्याची वाटही तीतूनच आहे. घरात लग्नकार्य निघाले तेव्हा आम्ही हौसेने तेथे आरशासारखी चकचकीत लादी बसविली. पाहुण्यांनी वाखाणली. पुढे आषाढात गाडीच्या चाकांबरोबर तांबडा चिखल व पाणी आत आले, आणि मंदिरातून अनवाणी परतणाऱ्या आमच्या थोरल्या वहिनी त्यावर घसरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले. तीन महिने त्या अंथरुणावर होत्या. आजही काठीवाचून चालत नाहीत. लादी घेताना आम्ही गाडीची शोभा पाहिली, त्या वाटेने चालणाऱ्या पावलांचा विचार केला नाही, ही आमची पहिली चूक.

ती लादी उखडून टाकल्यावर दुसरे काय घालावे याचा शोध सुरू झाला. आपल्या भागात शहाबादी फरशी परिचयाची आहे. घासून गुळगुळीत केली नाही तर ती पायाला चांगली; पण ती व कोटा या दोन्ही चुनखडीच्या जातीच्या असल्यामुळे आंबट पदार्थ त्यांना सोसत नाही. गाडीच्या बॅटरीतील आम्ल सांडले किंवा पूजेच्या वेळी चाकाखाली लिंबे चिरडली, तर तेथे कायमचा पांढुरका डाग पडतो. सिमेंटचे एकमेकांत अडकणारे ठोकळे अंगणास उत्तम. मोटारीसाठी ते 60 मिलिमीटर जाडीचे घेतात व वाळूच्या थरावर बसवितात. परंतु छपराखाली त्यांच्या सांध्यांतील वाळूत मुंग्या घर करतात आणि झाडताना वाळू घरभर येते.

प्लास्टिकच्या इंटरलॉकिंग लाद्यांची गोष्ट वेगळी. प्रत्येक लादीच्या दोन बाजूंस कड्या व दोन बाजूंस खुंट्या असतात. खुंटी कडीत दाबली की लाद्या जोडल्या जातात. खाली सिमेंट नको, डिंक नको. बहुधा 1 चौरस फुटाच्या आसपास मापाच्या या लाद्या दोन जातींच्या मिळतात. पॉलिप्रॉपिलीनची लादी कडक असते. तेल व पेट्रोल तिला फारसे बाधत नाही, मात्र चालताना ती टकटक वाजते. पीव्हीसीची लादी मऊ, जड व आवाज न करणारी; परंतु टायरचे रबर व तिच्यातील मऊपणा आणणारे द्रव्य यांचा संयोग होऊन चाकांखाली पिवळसर तपकिरी डाग पडतात व ते धुऊन जात नाहीत. यास्तव मोटार उभी राहते तेथे पॉलिप्रॉपिलीन व नुसते उभे राहून काम करावयाचे तेथे पीव्हीसी, असा आमचा सल्ला आहे. कडक लादीतही जाळीची व अखंड असे दोन प्रकार आहेत. जाळीतून पाणी व चिखल खाली जातो, पाऊल कोरडे राहते. पावसाच्या गावी जाळीचीच घ्यावी.

आम्ही त्याच घेतल्या, आणि येथे दुसरी चूक झाली. लाद्या सुबक बसल्या म्हणून खालची जमीन कोणी पाहिली नाही. गवंड्याने नव्या सिमेंटचा उतार रस्त्याकडे न ठेवता मागील भिंतीकडे ठेवला होता. घरखर्चाच्या ज्वारीची दोन पोती त्या भिंतीशी थेट लाद्यांवर ठेविली गेली. श्रावणात पोते उघडले तो कुबट वास आला. तळाची ज्वारी बुरशीने काळी पडली होती. पोती लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून दूर ठेवावी, हे आम्ही चाळीस वर्षे वखारीतील माणसांना सांगत आलो व घरी स्वतःच विसरलो! पोत्याच्या तोंडावरचे दाणे पाहून कोणी व्यापारी माल घेत नाही, टोचा मारून आतला नमुना पाहतो. जमिनीच्या बाबतीत मात्र आम्ही वरचे दाणे पाहून सौदा केला.

म्हणून लाद्या घेण्यापूर्वी दोन परीक्षा कराव्यात. उघड्या काँक्रीटवर दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा व निदान 16 तास ठेवावा. उचलल्यावर खाली दंव दिसले किंवा काँक्रीट काळसर झाले, तर जमिनीतून ओल येत आहे असे समजावे. ही परीक्षा पावसाळ्यात करणे चांगले. दुसरी परीक्षा उताराची: एक बादली पाणी मागील भिंतीशी ओतावे व ते दाराकडे येते की नाही ते पाहावे. 18 फूट लांबीस सुमारे 2 इंच उतार पुरतो. ओल असल्यास जुने काँक्रीट काढून खाली जाड प्लास्टिक अंथरून नवे करावे लागते. लाद्यांनी ओल झाकते, थांबत नाही.

लाद्या बसविण्यास दारापासून आरंभ करावा, म्हणजे कापलेल्या लाद्या मागे राहतात. उन्हाने प्लास्टिक फुगते, याकरिता भिंतीपाशी पाव ते अर्धा इंच जागा सोडावी. न सोडल्यास वैशाखात मध्यभागी फुगवटा येतो. दाराशी उतरती पट्टी अवश्य लावावी, नाहीतर कडेला पाय अडखळतो. आमच्या खोलीस 1 चौरस फुटाच्या 180 लाद्या लागल्या. आम्ही 200 घेतल्या, कारण पुढे त्याच रंगाची लादी मिळेलच असे नाही.

वापरतानाही काही पथ्ये आहेत. जॅकखाली व दुचाकीच्या बाजूच्या स्टँडखाली लाकडी फळी ठेवावी. प्लास्टिक जळते, म्हणून निरांजन, उदबत्ती किंवा वेल्डिंगचे काम तेथे नको. महिन्यातून एकदा, पावसाळ्यात पंधरवड्याने, काही लाद्या उचलून खालचा चिखल काढावा. आपल्या घरांत याचे आणखी एक कारण आहे. ओल व घाण साठली की मुंग्या, गोगलगायी व इतर जीव तेथे येतात, आणि मग औषध मारण्याची वेळ येते. जागा कोरडी ठेविली व लाद्या उचलताना मऊ कुंच्याने हळूच झाडले, तर ती वेळ येत नाही.

या लाद्यांचा खरा गुण आम्हांस दुसऱ्या चुकीनंतर कळला. सिमेंटात बसविलेली लादी फोडावी लागली होती. या मात्र तिघांनी एका दुपारी उचलून रचून ठेविल्या, उतार दुरुस्त झाल्यावर त्याच पुन्हा बसविल्या, आणि एकही तुटली नाही.

गेल्या पावसाळ्यात वहिनी काठी टेकीत त्याच वाटेने मंदिरास जात-येत होत्या. काठीचे टोक जाळीत अडकते काय, हे आम्ही आधी त्यांच्याकडूनच पाहून घेतले होते. बारीक जाळीची लादी त्यांनीच निवडली. सभासद बंधूंनीही लादीचा नमुना दुकानातून घरी आणावा, त्यावर पाणी ओतावे, आणि घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीस त्यावरून चालवून मग सौदा करावा.