गल्लीतला दवाखाना आणि डॉक्टरांची संघटना

फॅमिली डॉक्टर बहुधा एकटा काम करतो. वर्सोवा कोळीवाड्यातला दवाखाना असो वा यारी रोडवरचा, एक टेबल, तपासणीची खाट, चिठ्ठ्या सांभाळणारा मदतनीस आणि बाकावर बसलेले पेशंट एवढाच त्याचा पसारा. पालिकेचा नवा नियम आला, कायदा बदलला किंवा साथ पसरली, तर आपले म्हणणे मांडायला त्याच्याकडे वेळही नसतो आणि वजनही नसते. ती उणीव संघटनेने भरून काढायची असते.

वर्सोव्याच्या एमबीबीएस डॉक्टरांसाठी सर्वांत जवळची मोठी संघटना म्हणजे इंडियन मेडिकल असोसिएशनची मुंबई वेस्ट शाखा. जुहूच्या जेव्हीपीडी स्कीममध्ये तिची स्वतःची इमारत आहे. स्थानिक शाखा, तिच्यावर महाराष्ट्र राज्य शाखा आणि सर्वांत वर दिल्लीचे मुख्यालय अशी ही उतरंड आहे. या संघटनेत सर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञही असतात, त्यामुळे जनरल प्रॅक्टिशनरांचे प्रश्न मागे पडू शकतात. म्हणूनच १९६३ मध्ये असोसिएशनने त्यांच्यासाठी ‘कॉलेज ऑफ जनरल प्रॅक्टिशनर्स’ ही वेगळी शाखा काढली. मुंबईत जनरल प्रॅक्टिशनर्स असोसिएशन, ग्रेटर बॉम्बे हीसुद्धा फक्त याच डॉक्टरांची संघटना आहे. आयुर्वेद शाखेच्या पदवीधरांची नॅशनल इंटिग्रेटेड मेडिकल असोसिएशन, म्हणजे ‘निमा’, वेगळी आहे.

मुंबईत ही परंपरा जुनी आहे. वरच्या सरकारी वैद्यकीय जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांच्या हाती होत्या, त्या काळात, १८८३ मध्ये, येथे बॉम्बे मेडिकल युनियन स्थापन झाली. पुढे डिसेंबर १९२८ मध्ये कलकत्त्याच्या अखिल भारतीय परिषदेत आजच्या इंडियन मेडिकल असोसिएशनचा पाया घातला गेला. त्या परिषदेचे अध्यक्ष मुंबईचे डॉ. गो. वि. देशमुख होते. हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्काचा १९३७ चा कायदा ज्यांच्या प्रयत्नांतून आला, तेच हे देशमुख.

डॉक्टरांचे नेतृत्व म्हणजे काय, हे समजून घ्यायला मात्र १८९६ चे उदाहरण अधिक उपयोगी आहे. डॉ. अकासियो व्हिएगस हे मूळचे गोव्याचे डॉक्टर मांडवीत खासगी व्यवसाय करत आणि मुंबई महापालिकेचे सदस्यही होते. त्या वर्षी सप्टेंबरात पेशंट तपासताना त्यांनी गाठीचा प्लेग ओळखला. निदान करून ते थांबले नाहीत. पालिकेच्या स्थायी समितीसमोर त्यांनी हा विषय नेला आणि शंका घेतल्या गेल्या तरी आपले म्हणणे सोडले नाही. १९०६ मध्ये ते महापालिकेचे अध्यक्ष झाले. घरोघर फिरणाऱ्या डॉक्टरला जे सर्वांत आधी दिसते, ते निर्णय घेणाऱ्यांपर्यंत पोहोचवणे, हे या व्यवसायातल्या नेतृत्वाचे सर्वांत मोलाचे काम आहे, आणि व्हिएगस यांनी ते संघटनेच्या पाठबळाची वाट न पाहता केले.

आजच्या शाखांचे रोजचे काम यापेक्षा साधे दिसते. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणी सभासदांतून निवडली जाते. बहुतेक पदाधिकारी दिवसभराचा दवाखाना सांभाळून हे काम करतात आणि त्याचा मोबदला घेत नाहीत. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायचे, तर डॉक्टरला ३० क्रेडिट तास जमवावे लागतात. त्यासाठीची व्याख्याने, म्हणजे सीएमई, या शाखा भरवतात. सभासदांचा संघटनेशी सर्वांत जास्त संबंध येतो तो इथेच.

या शिक्षणाची गरज किती खरी आहे, ते मुंबईच्याच दोन अभ्यासांनी दाखवून दिले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शहरातल्या सुमारे १०० खासगी डॉक्टरांना क्षयरोगाच्या उपचाराची चिठ्ठी लिहायला सांगितले होते. त्यांनी ८० वेगवेगळ्या उपचारपद्धती लिहिल्या. जवळपास वीस वर्षांनी, २०१० मध्ये, डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तीच परीक्षा पुन्हा घेतली. १०६ डॉक्टरांनी ६३ प्रकारच्या चिठ्ठ्या लिहिल्या आणि फक्त ६ जणांची चिठ्ठी बरोबर निघाली. औषधांना दाद न देणारा क्षय ज्या शहरात घराघरात शिरला आहे, तिथे हे आकडे गंभीर आहेत. मे २०१२ पासून प्रत्येक क्षयरुग्णाची सरकारला माहिती देणे खासगी डॉक्टरांवरही बंधनकारक झाले. सभासदांना योग्य मात्रा शिकवणे, नोंद करण्याची सवय लावणे आणि पालिकेच्या क्षयरोग अधिकाऱ्यांशी त्यांचा संबंध जोडणे ही कामे संघटनेइतक्या सहजपणे दुसरे कोणी करू शकत नाही. सरकारकडे मागणी घेऊन जाणाऱ्या शिष्टमंडळाच्या शब्दाला किंमत येते ती याच कामामुळे. आपल्या सभासदांच्या चुकांवर बोलू न शकणारी संघटना इतरांच्या चुकांवर बोलू लागली, तर तिचे ऐकायचे का, असा प्रश्न लोक विचारतात, आणि तो योग्यच आहे.

संघटित डॉक्टर काय करू शकतात, हे एप्रिल २०२० मध्ये धारावीत दिसले. दाट वस्तीत कोविड पसरू लागला तेव्हा पालिकेने स्थानिक खासगी डॉक्टरांची मदत मागितली. त्यांच्या संघटनांनी सभासद पुढे आणले, पालिकेने संरक्षक पोशाख आणि तापमापके दिली. लोकांच्या ओळखीचेच डॉक्टर दारात आल्याने दारे उघडली गेली. या मोहिमेत सुमारे ४७,५०० लोकांची घरोघर तपासणी झाली.

याच साथीने संघटनांना एक दीर्घ लढाही दिला. कोविडची सेवा करताना मृत्यू आल्यास ५० लाखांचा विमा केंद्राने मार्च २०२० मध्ये जाहीर केला. पण स्वतःच्या दवाखान्यात पेशंट तपासताना संसर्ग होऊन गेलेल्या डॉक्टरांच्या कुटुंबांना, त्यांची सेवा सरकारने रीतसर मागितली नव्हती, असे कारण देऊन नकार मिळू लागला. नवी मुंबईत तर पालिकेनेच दवाखाने उघडे ठेवण्याची नोटीस काढली होती. तिथल्या एका डॉक्टरच्या पत्नीची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये फेटाळली. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगी डॉक्टरांची सेवा त्या काळात मागितली गेली होती, असे मान्य केले. मात्र प्रत्येक दावा पुराव्यावर तपासला जाईल, असेही सांगितले. दवाखाने बंद ठेवू नका असे बजावायचे आणि मृत्यूनंतर तुम्हाला बोलावले कोणी असे विचारायचे, हा त्या कुटुंबांवरचा अन्याय होता.

न्यायालयाची वाट नेहमी डॉक्टरांच्या बाजूने गेली असे नाही. वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येऊ नये म्हणून असोसिएशन सर्वोच्च न्यायालयात गेली आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये ‘व्ही. पी. शांता’ खटल्यात हरली. पैसे घेऊन दिलेली सेवा या कायद्याच्या कक्षेत आली. पेशंटच्या दृष्टीने हा निकाल हिताचा ठरला. डॉक्टरांनी व्यावसायिक जबाबदारीचा विमा, लेखी संमती आणि नीट ठेवलेले केसपेपर यांच्याकडे वळणे हा त्याचा एक परिणाम होय. उलट डॉक्टरांवरचे हल्ले रोखण्याचा महाराष्ट्राचा २०१० चा कायदा संघटनांना हवा तसा आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, दंड आणि मोडतोड झालेल्या साधनांच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आहे.

बंद हे संघटनांचे सर्वांत मोठे हत्यार, आणि सर्वांत जोखमीचेही. आयुष, म्हणजे आयुर्वेद, होमिओपॅथी अशा शाखांच्या डॉक्टरांना अॅलोपॅथीची औषधे लिहिता यावीत म्हणून छोटा ‘ब्रिज कोर्स’ सुचवणाऱ्या विधेयकाविरुद्ध २ जानेवारी २०१८ रोजी देशभर बंद झाला. विधेयक संसदीय समितीकडे गेले आणि ती तरतूद वगळली गेली. महाराष्ट्रात वाद संपला नाही. औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथ डॉक्टरांना अॅलोपॅथीची औषधे लिहू देणारी दुरुस्ती राज्याने २०१४ मध्ये केली. त्यांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करण्याच्या निर्णयाविरुद्ध असोसिएशनच्या राज्य शाखेने १८ सप्टेंबर २०२५ रोजी बंद पुकारला. पेशंटच्या सुरक्षिततेचा तिचा मुद्दा भक्कम आहे. परंतु मुंबईतल्या अनेक वस्त्यांत रात्री आठनंतर ताप आलेल्या मुलाला घेऊन जाण्यासारखा दवाखाना बहुधा बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीएचएमएस (होमिओपॅथी) डॉक्टरचाच असतो. तिथे एमबीबीएस डॉक्टर का बसत नाही, याचे उत्तर शोधणे हे त्याच संघटनेचे काम आहे.

त्या उत्तराचा एक भाग शिक्षणात सापडतो. एमबीबीएसचा विद्यार्थी मोठ्या रुग्णालयात, तज्ज्ञांच्या हाताखाली शिकतो. मुलाच्या लसीपासून आजीच्या मधुमेहापर्यंत एकाच घराची काळजी वर्षानुवर्षे घेणे हा विषय म्हणून त्याच्यासमोर क्वचितच येतो. ब्रिटनमध्ये जनरल प्रॅक्टिशनरांचे स्वतंत्र कॉलेज १९५२ पासून आहे, तर फॅमिली डॉक्टरांची जागतिक संघटना ‘वोंका’ १९७२ मध्ये स्थापन झाली. भारतात फॅमिली मेडिसिनचा तीन वर्षांचा डीएनबी अभ्यासक्रम आहे आणि २०१० मध्ये स्थापन झालेली अकॅडमी ऑफ फॅमिली फिजिशियन्स ऑफ इंडिया या विषयाला तज्ज्ञशाखेचा दर्जा आणि महाविद्यालयांत स्वतंत्र विभाग मिळावेत म्हणून पाठपुरावा करते. २००२ आणि २०१७ या दोन्ही राष्ट्रीय आरोग्य धोरणांत फॅमिली मेडिसिनचा पुरस्कार आहे. जागा मात्र अजून फारच थोड्या आहेत.