अपयशाचा खुलासा करावा कीं न करावा?

अपयश ज्याच्या वांट्यास कधींच आलें नाहीं असा मनुष्य विरळा. परंतु आलेलें अपयश परक्यापुढें बोलून दाखवावें कीं मुकाट्यानें गिळावें, हा प्रश्न मात्र सर्वांस सारखा सुटत नाहीं. पस्तीस वर्षें शाळेंत मुलें शिकविल्यावर ह्याचें उत्तर आपणांस ठाऊक आहे अशी आमची समजूत होती. गेल्या उन्हाळ्यांत घरच्याच एका प्रसंगानें ती समजूत ढळली, व पुष्कळ विचारानंतर पुन्हा स्थिर झाली. आज आपल्यापैकीं अनेकांचीं मुलेंनातवंडें परदेशीं आहेत. हा प्रसंग त्यांच्या घरींही केव्हांही यावयाचा. म्हणून तो विचार वाचकांपुढें मांडीत आहों.

आमच्या धाकट्या भगिनीचा नातू अमेरिकेंत न्यू जर्सी संस्थानांत वाढलेला. त्यास डॉक्टर व्हावयाचें आहे. आपल्याकडे बारावीनंतर 'नीट' परीक्षा द्यावी, ७२० पैकीं जे गुण पडतील त्यांवर प्रवेश ठरावा, असा सरळ व्यवहार आहे. गुण कां कमी पडले हें विचारणारा कोणी नाहीं व सांगावयास जागाही नाहीं. तिकडे सामान्यतः आधीं चार वर्षांची पदवी, मग मेडिकल कॉलेजाचीं चार वर्षें. मधल्या प्रवेशासाठीं 'एमकॅट' नांवाची परीक्षा आहेच. पण तिच्याबरोबर आत्मनिवेदन, शिफारसपत्रें व मुलाखत हीं सारीं असतात. दरवर्षीं पन्नास हजारांवर विद्यार्थी अर्ज करतात व त्यांतील निम्म्याहून कमी आंत जातात.

ह्या मुलाच्या गुणपत्रिकेंत दोन डाग होते. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रांत त्याच्या वडिलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. दर शुक्रवारीं तो गाडीनें घरीं जाई व सोमवारीं पहांटे परते. त्या सत्रांत रसायनांत 'सी' व पदार्थविज्ञानांत 'डी' अशी श्रेणी आली. परंतु त्याच्या आधींच्या वर्षीं गणितांतही 'सी' होती, आणि तिचें कारण मित्रमंडळी व रात्रीचीं जागरणें ह्यांखेरीज दुसरें नव्हतें. त्यानें आत्मनिवेदनाचा मसुदा आम्हांकडे पाठविला, तेव्हां त्यांत लिहिलें होतें कीं, वडिलांच्या प्रकृतीच्या चिंतेमुळें आपलीं पहिलीं दोन वर्षें अभ्यासांत कठीण गेलीं. "आजोबा, भाषा तपासा," एवढेंच त्याचें मागणें होतें. भाषेंत चूक नव्हती. चूक 'दोन' ह्या शब्दांत होती.

रविवारीं सकाळीं मोबाईलच्या पडद्यावर दोन्हीकडचीं माणसें जमलीं आणि मतांस तोटा राहिला नाहीं. आमच्या सौभाग्यवतीचें मत, झांकली मूठ सव्वा लाखाची. आपण होऊन उणें कशाला दाखवा? आमचे बंधु वकिली करून निवृत्त झालेले. ते म्हणाले, सहानुभूति मिळविण्याचा हा उत्तम मुद्दा आहे, सविस्तर लिहावें. मुलाचे वडील बराच वेळ गप्प होते. शेवटीं म्हणाले, "माझ्या दुखण्याची झोळी करून ती दारोदार फिरवूं नका." त्यावर सारेच स्तब्ध झाले.

अर्जाचें हें यंत्र चालतें कसें, तें आम्हीं मुलाकडूनच समजून घेतलें. बहुतेक मेडिकल कॉलेजांचे अर्ज 'ॲमकास' नांवाच्या एका सामाईक व्यवस्थेमार्फत जातात. विद्यार्थी ज्या ज्या कॉलेजांत शिकला त्या प्रत्येकाची गुणपत्रिका तेथें द्यावी लागते. 'ए'ला चार, 'बी'ला तीन, 'सी'ला दोन, 'डी'ला एक असे आंकडे धरून सरासरी काढतात. एखादा विषय पुन्हा घेऊन 'ए' मिळविला तरी आधींची 'डी' पुसली जात नाहीं. दोन्ही मोजल्या जातात. मात्र सरासरी वर्षवार मांडलेली असते, आणि जीवशास्त्र, रसायन, पदार्थविज्ञान व गणित ह्यांची निराळी दाखविलेली असते. मुलगा कोठें घसरला व पुढें कसा चढला, हें वाचणारास एका दृष्टिक्षेपांत दिसतें. तेव्हां झांकली मूठ हा पक्ष आपोआपच गळाला. मूठ उघडीच आहे. प्रश्न उरतो तो खुलाशाचा.

तोही सर्वत्र सारखा नाहीं. शिस्तभंगाबद्दल किंवा अभ्यासांतील हलगर्जीबद्दल कॉलेजानें अधिकृत कारवाई केली असेल तर अर्जांत तसा स्पष्ट प्रश्नच आहे, आणि ती नोंद मागाहून गुणपत्रिकेवरून काढून टाकली असली तरी 'होय' असेंच उत्तर द्यावें लागतें. विचारलेल्या गोष्टीविषयीं मौन हें असत्यच होय. न विचारलेल्या गोष्टीविषयीं मात्र विवेक करावयाचा असतो.

ह्या विवेकासाठीं आम्हांस आपला जुना तर्कसंग्रह उपयोगीं पडला. अन्नंभट्टानें हेतु सांगितला व हेत्वाभासही सांगितले. हेत्वाभास म्हणजे जो कारणासारखा दिसतो पण कारण नव्हे; व्यवहारांत आपण त्यास सबब म्हणतों. "घराची आठवण येत होती म्हणून नापास झालों" हा सव्यभिचार. घराची आठवण वसतिगृहांतील सर्वांसच येते, आणि त्यांतले बहुतेक पास होतात. "प्रकृति बरी नव्हती" असें म्हणावें आणि त्याच सत्रांत इतर सर्व विषयांत 'ए' असावी, तर तो हेतु असिद्ध. "कामें फार होतीं, झेपलीं नाहींत" हा विरुद्ध. डॉक्टरास तर जन्मभर कामें फारच असणार, तेव्हां ह्या वाक्यानें आपली योग्यता नव्हे, अयोग्यताच सिद्ध होते. वडिलांची शस्त्रक्रिया हें दुसऱ्या वर्षाचें खरें कारण. पहिल्या वर्षास तेंच लावलें कीं त्याची सबब होते. आणि एक सबब उघडी पडली म्हणजे शेजारच्या खऱ्या कारणावरही कोणी विश्वास ठेवीत नाहीं.

खुलासा कसा असावा ह्याचा एक धडा आपल्याच इतिहासांत आहे. इ. स. १८८३ च्या जून महिन्यांत आनंदीबाई जोशी अमेरिकेंत उतरल्या आणि त्यांनीं पेनसिल्व्हानिया येथील स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजास अर्ज केला. वय अठरा, पद्धतशीर शालेय शिक्षण थोडें, बहुतेक विद्या पतीजवळ घरींच झालेली. कॉलेजाच्या सर्व अटी आपण पुऱ्या करीत नसूं, हें त्यांनीं त्या पत्रांत आपण होऊन मान्य केलें. पण तेथें त्या रेंगाळल्या नाहींत. स्वकीयांचा विरोध सांगितला तो आपल्या निश्चयाचा पुरावा म्हणून, आणि पत्राचा भर ठेवला तो हिंदुस्थानांतील स्त्रियांस स्त्री-वैद्याची किती निकड आहे ह्यावर. कॉलेजानें त्यांस घेतलें. ११ मार्च १८८६ रोजीं त्या पदवीधर झाल्या. पुढें एका वर्षाच्या आंतच त्यांचें निधन झालें हें दुःख आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु तें पत्र आजही अर्ज लिहिणारानें आदर्श म्हणून डोळ्यांपुढें ठेवावें असें आहे.

हें सर्व आम्हीं मुलास समजावून सांगितलें व चार गोष्टी सुचविल्या. अडचण खरी, बाहेरची व आतां संपलेली असेल तरच लिहावी. आत्मनिवेदनास सारी मिळून ५३०० अक्षरांची जागा, तीही शब्दांमधील मोकळ्या जागा धरून. ती आपण डॉक्टर कां होऊं इच्छितों ह्यासाठीं राखावी. पुढें अनेक कॉलेजें आपापले प्रश्न पाठवितात, त्यांत अडचणी विचारल्या असतील तेथेंच खुलासा करावा, व चार ओळींहून अधिक लिहूं नये. आणि दुखणें ज्याचें, संमति त्याची. वडिलांस वाचून दाखविल्याशिवाय एक शब्द पाठवूं नये.

पुढील रविवारीं त्यानें नव्या ओळी वाचून दाखविल्या. वडिलांची शस्त्रक्रिया झाली, मी दर आठवड्यास घरीं जात होतों. घर व अभ्यास दोन्ही पेलतील हा माझा अंदाज चुकला, आणि शिक्षकांस वेळेवर सांगण्याचें मला सुचलें नाहीं. पुढील वर्षीं पदार्थविज्ञान पुन्हा घेतलें, 'ए' मिळाली. एवढेंच. पहिल्या वर्षाच्या गणिताचें नांव नव्हतें. "मुलाखतींत विचारलें तर?" असें आम्हीं विचारलें. तो म्हणाला, "आजोबा, आळस केला असें सांगेन." वडिलांनीं कागद पुन्हा एकदां वाचावयास मागितला, आणि "हें जाऊं दे" म्हणाले.

इंग्लंडांत असा खुलासा विद्यार्थ्यानें नव्हे तर त्याच्या शिक्षकानें शिफारसपत्रांत करावा, व त्यासाठीं तेथें निराळा भागच ठेवलेला आहे, असें मागाहून आमच्या वाचनांत आलें. शिक्षकाच्या पेशांत जन्म घालविलेल्या माणसास ती पद्धत आवडणें साहजिक आहे. तथापि आपली चूक आपल्या तोंडानें, जेवढ्यास तेवढी, सांगतां येणें ह्यांत जें शिक्षण आहे तें दुसऱ्याच्या शिफारशींत नाहीं. उद्यां हा मुलगा रोग्याच्या नातेवाइकांसमोर उभा राहील, तेव्हां कोठें काय चुकलें हें त्यास असेंच चार ओळींत सांगावें लागेल. अर्ज गेला आहे. निकाल यावयाचा आहे. तो कांहींही लागो, त्या एका 'दोन'चा 'एक' झाला ह्याचें समाधान आमच्या घरांत आजच आहे.