तेरची हस्तिदंती बाहुली

मैंदर्गी हे आमचे गाव अक्कलकोट तालुक्यात, अगदी कर्नाटकाच्या सीमेलगत आहे. येथील पुष्कळ मुले घरी कानडी बोलतात आणि शाळेत मराठी शिकतात. मी तेथे मुख्याध्यापक असताना एका वर्षी सातवीच्या मुलांना घेऊन तेर येथील वस्तुसंग्रहालय पाहण्यास गेलो होतो. अक्कलकोट, सोलापूर, तुळजापूर, धाराशिव असा तो प्रवास. तेर म्हणजे गोरोबा काकांचे गाव, एवढे मुलांना ठाऊक होते. पण गोरोबांच्याही हजार-बाराशे वर्षे आधी येथे कुशल कुंभार राबत होते, हे त्यांना तेथे गेल्यावर कळले.

तेरचे प्राचीन नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख येतो. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे नगर असून तेथील जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांतून भडोच बंदरास जाते, असे त्यात लिहिले आहे. तेथून तो माल जहाजांनी पश्चिमेकडे जाई. पुढे नगर लयास गेले व त्याची पांढर तेवढी उरली. त्या पांढरीत सापडणारे मणी, खापरे, बाहुल्या यांस कोण विचारतो! परंतु गावातील रामलिंगप्पा लामतुरे या गृहस्थांनी त्या वस्तू वर्षानुवर्षे जमवल्या व जपल्या. ते काही पुराणवस्तूंचे पंडित नव्हते. त्यांच्या त्या संग्रहातूनच हे संग्रहालय उभे राहिले आणि आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

या संग्रहातील सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती. ती जेमतेम वीतभर उंचीचीही नाही. मी निघताना एका ग्रंथातील दुसऱ्या मूर्तीचे चित्र मुद्दाम बरोबर घेतले होते. ती मूर्तीही हस्तिदंतीच. पण ती सापडली इटलीतील पाँपेई नगरात, १९३८ साली. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा स्फोट होऊन ते नगर राखेखाली गाडले गेले. अर्थात मूर्ती त्यापूर्वीच तेथे पोचलेली असली पाहिजे. सध्या ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

मुलांना मी सांगितले, "कोणती सुंदर, हे आताच ठरवू नका. आधी नुसते पाहा." मुले पाहू लागली. दोन्ही मूर्तींच्या अंगावर दागिन्यांची दाटी आहे. बांगड्या आहेत, कमरपट्टा आहे. पाँपेईच्या मूर्तीच्या दोन बाजूंस दोन लहानग्या दासी आहेत. तेरची मात्र एकटीच उभी आहे. त्या दूरच्या मूर्तीला पूर्वी लक्ष्मी म्हणत. परंतु ती देवता असावी, असे आता बहुतेक अभ्यासक मानीत नाहीत. ती उत्तरेकडे घडली असावी, असाही एक तर्क होता. पुढे जालना जिल्ह्यात भोकरदन येथे १९७०च्या दशकात उत्खनन झाले व तशाच मूर्तीचा, दोन दासींसह, खालचा भाग हाती आला. तेव्हापासून पाँपेईची ती बाई आपल्या दख्खनकडचीच असावी, या मताला बळ आले.

तेवढ्यात एका मुलाने पांढऱ्या मातीच्या बाहुल्यांकडे बोट दाखवून विचारले, "गुरुजी, ह्या आतून पोकळ कशा?" प्रश्न मार्मिक होता. आपल्याकडील जुन्या मूर्ती पुष्कळदा एकाच साच्यात माती दाबून काढीत. तेरच्या कुंभारांनी पुढचा एक व मागचा एक असे दोन साचे वापरून दोन्ही अर्धुके जोडली. ही रीत रोमन जगातून आली असावी, असे विद्वान म्हणतात. बाहुल्यांचे चेहरे आणि अलंकार मात्र येथलेच राहिले. रोमन नाण्यांवरून उठवलेली मातीची पदकेही येथे मिळाली आहेत. ती गळ्यात घालीत असावेत. रोमचा बादशहा कोण, हे ती घालणाऱ्याला बहुधा ठाऊकही नसेल.

"मग कोणी कोणाची नक्कल केली?" त्याच मुलाने पुन्हा विचारले. मी त्याला उलट विचारले, "तू घरी थोरल्या बहिणीला काय म्हणतोस?" तो म्हणाला, "अक्का." शेजारी उभा असलेला मराठी घरातला मुलगा म्हणाला, "आम्हीपण अक्काच म्हणतो!" सगळे हसले. मैंदर्गीच्या मुलांना याहून अधिक समजावण्याची गरज पडली नाही.

परतायची वेळ झाली तरी एक मुलगी हस्तिदंती मूर्तीजवळून हलेना. मूर्तीच्या डोक्यात वरून एक भोक आहे. पाँपेईच्या मूर्तीतही आहे. ते कशासाठी, हे तिला हवे होते. कोणी म्हणतात, मूर्ती आरशाची मूठ होती. कोणी म्हणतात, लहानशा चौरंगाचा पाय. मी दोन्ही मते सांगितली. तिने आपली मूठ वळून हवेत आरसा धरल्यासारखा केला, क्षणभर त्यात पाहिले, आणि म्हणाली, "मूठच असणार, गुरुजी. हाताला बरोबर बसते."