आटपाडीत मुक्काम, माणदेशात जेवण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ग. दि. माडगूळकरांचं जन्मगाव शेटफळे, माडगूळकर बंधूंचं माडगुळे, शंकरराव खरातांची आटपाडी, कैद्यांची खुली वसाहत असलेलं स्वतंत्रपूर आणि खिल्लार बैलांच्या बाजारासाठी नावाजलेली खरसुंडी. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी या एका तालुक्यात हे सगळं आहे. मराठी साहित्य संमेलनाचे तीन अध्यक्ष या मातीतले. तरीही बाहेरून येणारा बहुतेक माणूस सकाळी येतो, दोन ठिकाणं बघतो आणि दिवस मावळायच्या आत विट्याची किंवा पंढरपूरची वाट धरतो. राहायचं कुठं आणि खायचं काय, याबद्दलच्या ऐकीव गोष्टी हे त्याचं मोठं कारण आहे. त्यातल्या नेहमी कानावर येणाऱ्या काही गोष्टी इथे तपासून घेऊ.

गैरसमज: आटपाडी सातारा जिल्ह्यात आहे, साताऱ्यात मुक्काम करून जाऊन येता येईल.

वस्तुस्थिती: आटपाडी सांगली जिल्ह्यात आहे. गोंधळाला इतिहासाचा आधार मात्र आहे. आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होती आणि औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. १९४८ साली संस्थान विलीन झालं. पुढच्या वर्षी जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि दक्षिण साताऱ्याला १९६० साली सांगली हे नाव मिळालं. माणदेश म्हणून ओळखला जाणारा मुलूख तर आजही सातारा, सांगली आणि सोलापूर अशा तीन जिल्ह्यांत विभागलेला आहे.

साताऱ्याहून यायचं तर दहिवडी, गोंदवले, म्हसवड आणि पुढे दिघंची असा लांबचा रस्ता आहे. सांगलीकडून विटा, भिवघाट, करगणी या मार्गाने येता येतं. आटपाडीला रेल्वे नाही. मिरज-पंढरपूर मार्गावरचं सांगोला स्टेशन त्यातल्या त्यात सोयीचं. एसटीचं आगार आटपाडीतच आहे, त्यामुळे तालुक्याच्या गावापर्यंत पोचणं अवघड नाही. आतल्या वाड्यावस्त्यांवर जाणाऱ्या गाड्या मात्र मोजक्याच असतात. साताऱ्यातून एका दिवसात जाऊन यायचं ठरवलं तर दिवसाचा मोठा भाग गाडीतच जातो. या तालुक्यासाठी एक रात्र इथेच राखून ठेवावी.

गैरसमज: तिथे राहायची सोयच नाही.

वस्तुस्थिती: सोय आहे, पण साधी आहे. आटपाडी हे तालुक्याचं, बाजारपेठेचं गाव आहे. डाळिंबाचे व्यापारी, जनावरांचे दलाल, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी आणि कोर्टकचेरीची कामं घेऊन येणारी माणसं इथे मुक्काम करतात, आणि लॉज त्यांच्या गरजेप्रमाणे चालतात. स्वच्छ खोली, पंखा, सकाळी बादलीभर गरम पाणी एवढ्यावर ज्याचं भागतं त्याची अडचण होत नाही. पोहण्याचा तलाव आणि सकाळचा बुफे हवा असेल तर हा तालुका त्यासाठी नाही.

निघण्यापूर्वी फोन करून चार गोष्टी विचाराव्यात: खोली कुटुंबासाठी आहे का, गरम पाणी किती वाजेपर्यंत मिळतं, वीज गेली तर काय व्यवस्था आहे, गाडी कुठे लावायची. सोबत सगळ्यांची ओळखपत्रं ठेवावीत. रस्त्यावर ‘हॉटेल’ अशी पाटी दिसली म्हणून वर खोल्या असतीलच असं धरू नये, बऱ्याच ठिकाणी फक्त चहा-नाश्ता मिळतो.

शासकीय विश्रामगृहाचा पर्याय अनेकांच्या मनात असतो. ही विश्रामगृहं सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतात आणि त्यात पहिला हक्क सरकारी दौऱ्यांचा. आगाऊ परवानगी मिळाली आणि खोली रिकामी असली तर उत्तम, पण केवळ त्या भरवशावर घरच्यांना घेऊन निघू नये. खोल्यांची जास्त निवड हवी असेल तर विटा जवळचं आहे.

गैरसमज: गोंदवल्यात फुकट राहणं-जेवण असतं, तिथे तळ टाकून माणदेश फिरावा.

वस्तुस्थिती: माण तालुक्यातलं गोंदवले हे श्रीब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराजांचं समाधिस्थान. महाराजांनी १९१३ साली देह ठेवला. अन्नदान ही त्यांची शिकवण, आणि ती परंपरा तिथे आजही निष्ठेने चालू आहे. येणाऱ्या भक्ताला प्रसाद मिळतो, निवासाची व्यवस्था होते. पण ती व्यवस्था नामस्मरणासाठी, दर्शनासाठी आलेल्या माणसासाठी आहे. तिथले नियम आणि प्रसादाच्या वेळा पाळाव्या लागतात.

दर्शनासाठी जाणार असाल तर अवश्य राहा, पंगतीला बसा, जमेल ती सेवा करा. रात्री उशिरा परतायचं आणि दिवसभर इतरत्र हिंडायचं असेल तर पैसे देऊन लॉजमध्ये राहणं योग्य. भक्तांच्या देणगीतून चाललेल्या अन्नछत्राकडे खर्च वाचवण्याची युक्ती म्हणून पाहणं बरं नव्हे.

गैरसमज: आटपाडीत नाही तर पंढरपुरात खोली मिळतेच.

वस्तुस्थिती: एरवी मिळते, पण वारीच्या दिवसांत मिळत नाही. आषाढी आणि कार्तिकीच नव्हे, माघी आणि चैत्री वारीलाही पंढरपूर भरून जातं. प्रत्येक एकादशीला गर्दी असते ती वेगळीच. त्यामुळे निघण्यापूर्वी पंचांग बघावं.

पंचांग आणखी एका कारणासाठी बघावं लागतं. सिद्धनाथाची दोन मोठी ठाणी या मुलखात आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. खरसुंडीचा सिद्धनाथ आटपाडी तालुक्यात, म्हसवडचा सिद्धनाथ माण तालुक्यात. म्हसवडची रथयात्रा मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला असते. खरसुंडीची मोठी यात्रा चैत्रात भरते, आणि पौषातही तिथे जनावरांची यात्रा असते. खिल्लार खोंडांच्या खरेदीसाठी लांबलांबचे शेतकरी येतात, गाडीखाली, झाडाखाली मुक्काम ठोकतात.

यात्रांच्या सुमारास इथले गलाई व्यावसायिक गावी परततात. खानापूर-आटपाडी भागातली हजारो माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरलेली आहेत, आणि यात्रेला घरी यायचं हा त्यांचा रिवाज आहे. घरोघरी पाहुणे असतात आणि लॉजही भरलेले असतात. यात्रा बघायची असेल तर मुक्काम बराच आधी ठरवा. शांतपणे गाव बघायचं असेल तर यात्रेचे दिवस टाळा.

गैरसमज: दुष्काळी भाग, तिथे खायला काय मिळणार?

वस्तुस्थिती: हा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो, माणगंगा वर्षातला बराच काळ कोरडी असते, आणि इथल्या माणसाने दुष्काळ सोसला आहे हे खरंच आहे. पण चित्र बदललं आहे. ठिबकवर जगवलेल्या डाळिंबाच्या बागांनी आटपाडीचं नाव दूरवर नेलं, बाजार समितीत डाळिंबाचे सौदे निघू लागले. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावातून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उचलून या भागात आणलं गेलं. तेल्या आणि मर या रोगांनी बागांचं मोठं नुकसान केलं, तरी शेतकऱ्याने डाळिंब सोडलेलं नाही.

शिवाय कोरडवाहू मुलखाचा स्वयंपाक कमी पाण्यात येणाऱ्या पिकांवर उभा असतो: बाजरी, शाळू, हुलगा, मटकी, तूर, कारळं. यातली निम्मी धान्यं शहरातल्या ताटात क्वचितच दिसतात. इथे ती रोजची आहेत. प्यायच्या पाण्याची काळजी मात्र घ्यावी. काही गावांत बोअरचं पाणी मचूळ असतं, म्हणून सोबत पाणी ठेवावं किंवा जारचं पाणी मागावं.

गैरसमज: सांगली-कोल्हापूरकडचं जेवण म्हणजे तांबडा-पांढरा.

वस्तुस्थिती: तांबडा-पांढरा रस्सा कोल्हापूरचा. पांढऱ्या रश्श्याला नारळाचं दूध लागतं, आणि आटपाडीच्या माळावर नारळ पिकत नाही. इथल्या कालवणाला सुक्या खोबऱ्याचा आणि शेंगदाण्याच्या कुटाचा आधार. हळद-मिठात शिजवलेल्या मटणाचा अळणी रस्सा आधी वाटीत येतो, मग तिखट रस्सा, सुकं आणि बाजरीची भाकरी. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि तिखट न सोसणारे पाहुणे यांच्यासाठी अळणी हा चांगला आधार असतो, तो आवर्जून मागावा.

हा मेंढपाळांचा मुलूख आहे. आटपाडीचा शनिवारचा शेळ्या-मेंढ्यांचा बाजार सगळीकडे ठाऊक आहे. त्यामुळे मटण ताजं मिळतं, पण शेळीचं की मेंढीचं हे ज्याला चालत-न चालत असेल त्याने ऑर्डर देतानाच विचारून घ्यावं. चांगल्या खानावळी ताट मांडायच्या तासभर आधी सांगायला सांगतात. तेवढा धीर धरावा, भाकरी तव्यावरून थेट ताटात येते.

गैरसमज: शाकाहारी माणसाची तिथे उपासमार होते.

वस्तुस्थिती: घरोघरचं रोजचं जेवण इथे शाकाहारीच असतं. भाकरी, पिठलं किंवा झुणका, मटकीची उसळ, तुरीची आमटी, वांग्याचं कोरड्यास, खर्डा, कारळाची किंवा शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि ताक. अडचण एवढीच की रस्त्यावरचे ढाबे हे पदार्थ पाटीवर लिहीत नाहीत, तिथे पनीरच्या भाज्यांची यादी असते. ‘पिठलं-भाकरी मिळेल का?’ असं विचारलं तर बहुतेक ठिकाणी होकार येतो. कडक शाकाहारी असाल तर निव्वळ शाकाहारी खानावळ शोधा किंवा वेगळ्या भांड्यांबद्दल मोकळेपणाने विचारा. असं विचारलं तर कुणी वाईट वाटून घेत नाही.

गैरसमज: हुलगा, बाजरी ही गरिबाची आणि जनावरांची खाद्यं, पाहुण्यांना कशाला?

वस्तुस्थिती: हा समज बाहेरच्यांपेक्षा इथल्या यजमानांच्याच मनात जास्त आहे, आणि तो सर्वांत नुकसान करणारा आहे. पाहुणा आला की घरची बाई भाकरी बाजूला ठेवून चपाती-पुरीच्या मागे लागते, हुलग्याचं नाव काढायला संकोचते. हुलगा बैलांना चारतात हे खरं, कारण त्यात ताकद आहे. त्याच हुलग्याची लसणाची फोडणी दिलेली शेंगोळी थंडीत अंगात ऊब आणते. हुलगे भाजून केलेल्या पिठाचं माडगं कुठे गूळ-सुंठ घालून गोड करतात, कुठे मीठ-जिरं घालून तिखट. दमून आलेल्या माणसाला त्याने तरतरी येते.

दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या किनोआचं उदाहरण बघा. पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरी शेतकऱ्यांचं हे धान्य शहरी लोक कमी प्रतीचं मानत. पुढे जगाची नजर त्याच्याकडे वळली आणि संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे किनोआ वर्ष म्हणून पाळलं. २०२३ हे वर्ष भारताच्या प्रस्तावावरून भरडधान्यांचं ठरलं, त्यात आपली बाजरी आणि ज्वारी आली. पेरूतल्या कुस्को या जुन्या शहरात आज किनोआचं सूप पाहुण्यांपुढे अभिमानाने ठेवलं जातं. आटपाडीतल्या प्रत्येक खानावळीने आठवड्यातून एकदा तरी माडगं आणि शेंगोळी ताटात ठेवावी, आणि पाहुण्याने ती मागून खावी.

गैरसमज: स्वतंत्रपूर आणि बनगरवाडी ही पर्यटनस्थळं आहेत, तिथेच खाणं-राहणं होईल.

वस्तुस्थिती: औंध संस्थानाच्या काळात, १९३९ साली, स्वतंत्रपूरचा प्रयोग सुरू झाला. संस्थानाचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रिडमन यांनी कैद्यांवर विश्वास टाकून ही भिंती नसलेली वसाहत उभी केली. व्ही. शांताराम यांच्या १९५७ सालच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागे याच प्रयोगाची प्रेरणा होती, त्याची कथा गदिमांची. पण स्वतंत्रपूर आजही कारागृह खात्याची चालती वसाहत आहे. कैदी तिथे कुटुंबासह राहतात, शेती करतात. परवानगीशिवाय आत जाऊ नये, घरांचे, मुलांचे फोटो काढू नयेत.

‘बनगरवाडी’ हे व्यंकटेश माडगूळकरांच्या कादंबरीतलं गाव, नकाशावर ते सापडत नाही. लेखकाच्या मास्तरकीच्या अनुभवातून ते उभं राहिलं. शेटफळे, माडगुळे आणि तिथला ‘बामणाचा पत्रा’ हे माडगूळकरांचं पत्र्याचं घर ही खरी ठिकाणं, पण ती राहती गावं आहेत. तिथे जेवणाची सोय गृहीत धरू नये. आटपाडीत जेवून निघावं किंवा दशमी-चटणी बांधून न्यावी.

गैरसमज: केव्हाही जा, केव्हाही जेवा.

वस्तुस्थिती: उन्हाळ्यात इथला माळ तापतो, दुपारी फिरणं जिवावर येतं. दिवाळीनंतर माघापर्यंतचा काळ उत्तम. तेव्हा नवी बाजरी घरात आलेली असते आणि पौष-माघात शाळूचा हुरडा मिळतो. शनिवारी आलात तर बाजार बघायला मिळतो, पण जनावरांचा बाजार पहाटेच रंगतो. रात्रीचं जेवण उशिरावर टाकू नये, गावातल्या खानावळी शहरासारख्या मध्यरात्रीपर्यंत चालत नाहीत. छोट्या गावांत रोख पैसे खिशात असावेत.

एवढी तयारी करून या. शुक्रवारी संध्याकाळी आटपाडीत उतरा, पहाटे बाजार बघा, दुपारी शेटफळे-माडगुळे करा, संध्याकाळी खरसुंडीत सिद्धनाथाचं दर्शन घ्या आणि रात्री बाजरीची भाकरी खाऊन झोपा. धावत्या भेटीतला पैसा पेट्रोल पंपावर संपतो. मुक्कामाचा पैसा लॉजवाल्याकडे, खानावळीतल्या बाईकडे, डाळिंब विकणाऱ्या शेतकऱ्याकडे जातो. ज्या मुलखाने मराठीला गदिमा, व्यंकटेश माडगूळकर आणि शंकरराव खरात दिले, तिथे मराठी वाचकाने किमान एक रात्र तरी काढावी.