थांबणारा किरण

लहान मुलांच्या अनुमस्तिष्कात कधी कधी मेड्युलोब्लास्टोमा नावाची कर्करोगाची गाठ होते. शस्त्रक्रियेने ती काढली तरी तिच्या काही पेशी मेंदूभोवतालच्या द्रवातून मज्जारज्जूपर्यंत पोचलेल्या असू शकतात. म्हणून सहसा सबंध मेंदू व मज्जारज्जूवर किरणोपचार करतात. जोडीला औषधे असतातच. तीन वर्षांखालील बालकांत मात्र वाढत्या मेंदूला जपण्यासाठी किरणोपचार शक्यतो लांबवतात.

अडचण अशी, की पाठीतून सोडलेले क्ष-किरण मज्जारज्जूपाशी थांबत नाहीत. हृदय, आतडी यांतून ते पुढे जातात. प्रोटॉनचे तसे नाही. वेगवान प्रोटॉन वाटेतल्या इलेक्ट्रॉनांना जाता जाता हिसका देतो. वेग मंदावला की तो प्रत्येकाजवळ अधिक रेंगाळतो, अधिक ऊर्जा देतो आणि थांबतो. १५ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा प्रोटॉन पाण्यात सुमारे १६ सेंटिमीटर जातो, पुढे नाही. ऊर्जा बदला, मुक्काम बदलतो! अमेरिकन भौतिकीतज्ज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी ही कल्पना १९४६ मध्येच मांडली होती. (त्याआधी ते अणुबाँबच्या प्रकल्पात होते.) खारघरला टाटा स्मारक केंद्रात हे उपचार २०२३ मध्ये सुरू झाले.

यामुळे हृदय, आतडी वाचतात. मेंदूला मात्र प्रोटॉनही सोडत नाही. तिथे सबंध मेंदूच लक्ष्य असतो.