शंभर महिन्यांचं भाडं

१९८६ साली गिरगावातल्या चाळीत एका खोलीचं भाडं पन्नास रुपये होतं असं धरू. इतकं कमी कसं? १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने ते १९४०च्या पातळीला बांधून टाकलं होतं. तेवढ्यात मालकाला डागडुजी परवडेना, म्हणून उपकर लावून ते काम सरकारी मंडळाकडे आलं. याच मुंबईच्या उपकरप्राप्त इमारती.

१९८६मध्येच म्हाडा कायद्यात ‘आठ-अ’ हे प्रकरण घातलं गेलं. सत्तर टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून अर्ज दिला, की सरकार इमारत जमिनीसकट घेऊन त्या संस्थेला देऊ शकतं. मालकाला मिळणार मासिक भाड्याच्या शंभर पट, म्हणजे आपल्या खोलीमागे पाच हजार. भाडं गोठवलं सरकारने आणि जमिनीची किंमतही त्याच गोठलेल्या भाड्यावरून! भाडेकरूचे हाल खरेच होते, पण हा हिशेब मला तरी पचत नाही.

मालक कोर्टात गेले, तेव्हा सरकारची ढाल तयार होती. समाजाची भौतिक साधनसंपत्ती सर्वांच्या हितासाठी वाटली जावी, असं संविधानाचा अनुच्छेद ३९(ख) सांगतो. त्यासाठी केलेल्या कायद्याला अनुच्छेद ३१-गमुळे समतेच्या हक्काखाली आव्हान देता येत नाही. आठ-अ त्यासाठीच आहे, असं कायद्यातच लिहून ठेवलं होतं.

मग प्रश्न उरला तो असा: खासगी चाळ ही ‘समाजाची’ साधनसंपत्ती का? उच्च न्यायालयाने १९९१मध्ये मालकांची याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण तीन न्यायाधीशांकडून पाचांकडे, सातांकडे आणि २००२मध्ये नऊ जणांकडे गेलं. उत्तर आलं ५ नोव्हेंबर २०२४ला. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्यासह सात जणांनी सांगितलं, की प्रत्येक खासगी मालमत्ता त्यात येत नाही, काही येऊ शकतात. त्यासाठी ती वस्तू कशा स्वरूपाची आहे, समाजहितावर तिचा परिणाम काय, ती दुर्मीळ आहे का आणि मोजक्या हातांत एकवटली तर काय होईल, हे बघायचं.

सरकारला जागा घेताच येणार नाही, असा याचा अर्थ नाही. मालमत्तेचा हक्क आता मूलभूत नसला तरी अनुच्छेद ३००-क आहेच. कायद्याच्या आधाराशिवाय ती काढून घेता येत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात कोलकाता महापालिकेच्या खटल्यात न्यायालयाने या हक्काचे सात पदर मांडले होते. नोटीस, सुनावणी, कारणांसह निर्णय, सार्वजनिक प्रयोजन आणि रास्त मोबदला हे त्यांतले पाच.

आणि आठ-अचं काय? नऊ जणांनी फक्त संविधानाचा अर्थ लावला. शंभर पट भाड्याचा हिशेब टिकतो की नाही, हे ठरवणं त्यांनी नेहमीच्या खंडपीठावर सोडलं.