विमानतळाचे अंदाजपत्रक कसे वाचावे?

अमरावतीजवळील बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची विमानसेवा सुरू झाली. अशा विमानतळाचे दोन खर्च वेगळे धरावेत. जमीन, १८५० मीटर धावपट्टी व इमारत हा भांडवली खर्च विहीर खोदण्यासारखा एकदाचा असतो. अग्निशमन, सुरक्षा व देखभाल हा आवर्ती खर्च मात्र पंपाच्या वीजबिलासारखा दरवर्षीचा. २०१६ च्या मूळ ‘उडान’ योजनेत कमी भाड्यामुळे विमान कंपनीला येणारी तूट भरून देण्याची सोय केली. त्यात राज्याचा वाटा २० टक्के होता. परंतु ही मदत तीन वर्षांपुरतीच ठरविली होती. पुढे प्रवासी न मिळाल्यास विमान बंद पडते, देखभालीचा खर्च मात्र चालूच राहतो. म्हणून अकोल्याच्या शिवणी विमानतळाच्या विस्ताराची चर्चा करताना शेतकरी बंधूंनी धावपट्टीच्या लांबीबरोबरच चौथ्या वर्षाच्या तरतुदीचीही विचारणा करावी.